दोन ओढी आणि एक थांबा

१

गाडीच्या डॅशबोर्डच्या मागं हात घालायचा म्हटलं की दुकानात एकच हाक उठायची. "धाकटी कुठंय?"

धाकटी म्हणजे घरची धाकटी सून. तिच्या नवऱ्याचे पंजे फावड्यासारखे. स्टिरिओ बसवणं, डिकीत बफर म्हणजे मोठा स्पीकर ठोकणं, सीटखाली आवाज वाढवणारा अँपचा डबा घट्ट करणं ही त्याची कामं. पण मीटरच्या पाठीमागच्या चार बोटांच्या सांदीतून वायर ओढून आणायची तर धाकटीच लागायची. "हा हात नव्हे, उंदराचं पिल्लू आहे," नवरा गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचा. सासूबाई मागच्या खोलीतून ओरडायच्या, "अरे, बायकोला काहीतरी बरं म्हण की!"

शाळा सातवीलाच सुटली होती, पण रिलेवरचे, म्हणजे त्या काडेपेटीएवढ्या स्विचवरचे, आकडे तिला पाढ्यांसारखे पाठ होते. तीसला बॅटरी. सत्त्याऐंशीतून पुढं अँपला. शहाऐंशीला स्टिरिओची निळी वायर, पंच्याऐंशीला अर्थिंग. निळी वायर फार अशक्त. एका अँपला ती कशीबशी जागं करते, दोन अँप लावले की तिचा जीव जातो. म्हणून मधे रिले घालायचा. निळीनं फक्त बोट लावल्यासारखं करायचं, रिले टिक् करतो आणि बॅटरीचा दणदणीत करंट पुढं सोडतो.

"म्हणजे ठमी नुसती कुरकुरली की मला पान्हा फुटतो, तसंच," ती एकदा म्हणाली होती.

नवऱ्याचे कान लाल झाले. "गिऱ्हाइकासमोर नको बोलूस हं हे."

ठमी म्हणजे तिची सहा महिन्यांची लेक. दुकानाच्या कोपऱ्यात, कामाच्या टेबलाजवळच तिचा पाळणा असायचा. दुकानामागंच घर होतं, दोन खोल्यांचं, त्यामुळं पाजायचं झालं तरी चार पावलांत काम व्हायचं.

काम वाईट नव्हतं. फक्त किळस यायची. लोक गाडी बाहेरून आरशासारखी पुसतात आणि आत नखं कापून टाकतात. डॅशबोर्डमागं तिच्या बोटांना काय काय लागलं होतं! चघळून चिकटवलेला डिंक, केसांची गुंतवळ, वाळून पापड झालेली पाल, एकदा तर पट्टीसकट खपली. हात बाहेर काढला की ती आधी वास घ्यायची, मग तोंड वाकडं करायची, मग साबणाकडं पळायची. ठमीला हात लावायच्या आधी तीनदा हात धुवायचे, हा तिचा नेम होता.

२

चष्म्याच्या दुकानाचे मालक जुनी घेतलेली मलईच्या रंगाची गाडी घेऊन आले, तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात तीन चष्मे, आणि हौस मात्र विशीतल्या पोराची.

"गाणं कानात नको, छातीत वाजायला पाहिजे," ते म्हणाले. "दोन अँप टाका."

"काका, शेजारच्यांच्या काचा फुटतील," नवरा म्हणाला.

"फुटू देत. काचांचाच तर धंदा आहे माझा."

धाकटीनं दार उघडलं आणि श्वास रोखला. गाडीत आंबूस वास होता. सांडलेलं दूध सतरंजीत मुरावं आणि वर ऊन पडावं, तसा.

"तीनदा धुतली," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "तरी राहतोच बघ पोरी."

ती खाली पाठीवर झोपली, डोकं पायाच्या जागेत घातलं आणि काम सुरू केलं. वायरी जोडल्या. रिले नुसता सोडला तर खडखडतो, म्हणून त्यांच्या दुकानात तो नेहमी जाड लोकरी कापडात गुंडाळून, वर टेप मारून आत सरकवायची पद्धत. त्या दिवशी कापड संपलं होतं. नवरा डिकीत, सासूबाई झोपलेल्या. ठमीला पाजून ती नुकतीच उठली होती, खांद्यावर दुपटं तसंच होतं, ओकारीनं आणि दुधानं ओलसर झालेलं. तिनं दातांनी त्याची एक पट्टी फाडली, रिलेभोवती गुंडाळली आणि अंदाजानं आत सारली.

वायर खरं तर एका भोकातून पलीकडं इंजिनाकडं जाते. तिथं एक रबरी कडी असते, वायर घासू नये म्हणून. ती कडी चाचपायला तिनं हात आणखी आत घातला, कोपरापर्यंत.

तिचं बोट कशात तरी गेलं.

ते ऊबदार होतं. बोटाभोवती घट्ट बसलं आणि ओढलं. दोनदा. मग थांबलं. पुन्हा दोनदा. थांबलं.

धाकटीनं हात असा खेचला की मनगटाची साल निघाली. बोट ओलं होतं. वास घेतला. ग्रीसचा नव्हता.

"काय गं?" नवऱ्यानं डिकीतून विचारलं.

"काही नाही. रबरी कडी."

रबर गरम असतंच, गाडी उन्हातून आलेली. आत पोकळी असली की बोट खेचलं जातं, बाटलीच्या तोंडात अडकतं तसं. ओल तर कुठंही असते. तिनं हे सगळं मनात नीट मांडलं, आणि तरी मोरीत जाऊन ते बोट दगडानं घासलं. कारण सहा महिने दिवसाला आठदा पाजणाऱ्या बाईला रबर आणि हिरडी यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही.

३

नवऱ्यानं चावी फिरवली. टिक्.

दोन्ही अँपचे हिरवे दिवे लागले आणि त्याच क्षणी धाकटीच्या छातीत कळ आली, पान्हा फुटला. शर्टावर दोन डाग पसरले. नवऱ्याचाच जुना शर्ट होता तो, कामासाठी घातलेला. तिनं पटकन हातांची घडी घातली. पाळण्याकडं पाहिलं, तर ठमी गाढ झोपलेली.

चावी बंद, टिक्. चावी सुरू, टिक्. प्रत्येक टिक्‌ला दूध.

चष्मेवाल्यांनी गाणं लावलं, छातीवर हात ठेवून डोळे मिटले, आणि खूष होऊन गाडी घेऊन गेले. धाकटीनं तीनदा हात धुतले, ठमीला उचललं, मांडीवर घेतलं.

ठमीनं तोंड लावलं, एकदा चाखलं आणि चेहरा फिरवला. असा फिरवला, जसं कुणी उष्टं पुढं केलं असावं.

"उन्हानं होतं," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही. ठमी एरवी कशी प्यायची हे धाकटीला डोळे झाकून सांगता आलं असतं. लांब लांब ओढी, आणि मधे नाकातून एक उसासा, दमलेल्या हमालासारखा. आता मात्र छातीपाशी आणली की पोर ताठ व्हायची, रडायची, कधी कोरडी उलटी काढायची. बाटली थुंकली. चमच्यानं पाजलेलं अर्धं गालावरून वाहून जायचं. आणि इकडं दूध तर येत होतं, अवेळी, उगाच, भांडी घासताना, दळण निवडताना, एखादी अदृश्य चावी कुणी फिरवल्यासारखं. दिवसातून आठदा. पाजायच्याच वेळांना.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ठमीला ताणकाट्याच्या झोळीत ठेवलं, काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

"मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं. तू खातेस ना नीट?"

"खाते हो बाई."

"मग सोमवारी पुन्हा आण. सोमवारपर्यंत अंगावर प्यायला लागली नाही तर भरती करून घेऊ. नळी घालावी लागेल नाकातून." आणि मग, तिचा चेहरा पाहून, थोडं मऊ आवाजात: "घाबरू नकोस. पण उशीर करू नकोस."

तो बुधवार होता.

४

गुरुवारी चष्मेवाले परत आले, गाडी ढकलत. मागं दोन माणसं.

"रोज सकाळी बॅटरी मेलेली! रोज! शेजारी हसतात. म्हणतात, गाडीपेक्षा तुमचा चष्मा बरा चालतो."

नवऱ्यानं बोनेट उघडलं, करंट मोजायचा मीटर लावला. गाडी बंद, चावी त्याच्या खिशात, तरी बॅटरीतून करंट जात होता. त्यानं एकेक फ्यूज काढला. दिव्यांचा, हॉर्नचा, पंख्याचा, स्टिरिओचा. सगळे काढून झाकणात ठेवले. काटा हलला नाही. करंट जातच होता.

"धाकटे, शहाऐंशी कुठं जोडलीस?"

"निळ्या वायरला."

"नक्की? बॅटरीला तर नाही ना? मग रिले चोवीस तास जागा राहतो."

"मी कधी चुकलेय का आजवर?"

"आजवर पोर उपाशी नव्हती," नवरा म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... लक्ष कुठं असतं आता तुझं. मी रागवत नाहीये."

त्यानं भांडण वाढू दिलं नाही. नवा रिले काढला, बोनेटखालीच सोयीच्या जागी बसवला. जुन्या रिलेच्या चारही वायरी, डॅशबोर्डच्या बाहेर जिथं दिसत होत्या तिथं, कटरनं कापल्या. "राहू दे आत मढं," तो म्हणाला. "आता त्याला ना डोकं ना शेपूट." मग बॅटरीच उचलून टेबलावर चार्जिंगला लावली.

गाडीत बॅटरी नव्हती. वायरी कापलेल्या. नवरा हात पुसत आत चहा प्यायला गेला.

टिक्.

धाकटीचा शर्ट भिजला.

५

गाडी दोन दिवस दुकानातच उभी होती, कारण बॅटरीत चार्ज टिकत नव्हता. चार्जर फुल्ल दाखवायचा, गाडीत ठेवली की तासाभरात खलास. नवरा बॅटरीवाल्याला शिव्या घालत होता. त्याला टिक् ऐकू येत नव्हतं असं नाही.

"पत्रा तापतो, मग थंड होतो. पत्रा वाजतोच."

"आणि दोनदा वाजून थांबतो?"

"दोनदा?"

"टिक् टिक्. मग थांबतो. ऐका ना."

त्यानं ऐकलं. ऐकताना त्याचा चेहरा जरासा उतरला, मग त्यानं रेडिओ लावला.

धाकटी ठमीशेजारी बसून राहायची. पोरीच्या टाळूवरचा मऊ खळगा आत गेला होता. रडणंही आता मांजरीच्या पिल्लासारखं, तोंड उघडायचं आणि आवाजच यायचा नाही. आणि ती गाडी मात्र बरी दिसत होती. हे वाक्य मनात आलं तेव्हा धाकटीला स्वतःचीच शिसारी आली. गाडी बरी दिसते म्हणजे काय? पण डॅशबोर्डचं उन्हानं तडकलेलं प्लास्टिक आता तुकतुकीत झालं होतं. आंबूस वास गेला होता. दार उघडलं की पावडर लावलेल्या बाळाच्या मानेचा वास यायचा.

त्या वासानं ती मोरीत जाऊन ओकली.

तोंड पुसताना खांद्यावरच्या दुपट्यावर तिची नजर गेली. कडेला पट्टी फाडलेली होती. दातांच्या खुणा होत्या. तिच्याच दातांच्या.

लोकरी कापड संपलं होतं म्हणून. एवढ्याचसाठी. आत जे काही असेल त्याला कुणाचा पत्ता ठाऊक नव्हता. तिनंच वास दिला होता, नीट गुंडाळून, टेप मारून.

६

शनिवारी दुपारी नवरा दुसरी बॅटरी आणायला गेला. सासूबाई आत ठमीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होत्या. धाकटीनं टॉर्च पेटवून मोबाइल दातांत धरला, पाठीवर झोपली आणि डोकं गाडीत घातलं.

टिक् टिक्.

दूध आलं. शर्टातून निथळून एक थेंब पायाच्या रबरी चटईवर पडला, पडल्याचा आवाज झाला. तिनं मान वळवून पाहिलं. चटई कोरडी होती.

तिनं हात आत घातला. आधी रबरी कडी शोधली, कारण तेवढा एक आधार उरला होता मनाला. कडी सापडली. उजव्या अंगाला, इंजिनाच्या पत्र्यात, वायर पोटात धरून थंडगार बसलेली. त्या दिवशी तिचा हात उजवीकडं गेलाच नव्हता. डावीकडं गेला होता, जिथं कसलंच भोक नसतं.

उजेड डावीकडं वळवला.

हवेच्या नळीच्या मागं, दोन पत्र्यांच्या घडीत, दुपट्याची पट्टी दिसली. तिचं एक टोक बाहेर लोंबत होतं. दुसरं टोक एका ओल्या गुलाबी घडीत गेलेलं होतं. घडी मिटलेली होती, आणि हलत होती. दोनदा. थांबली. दोनदा. खालच्या कडेला एक पांढरा कण चमकला, तांदळाच्या टोकाएवढा.

ओरडायला तोंडात मोबाइल होता. तिनं पट्टी धरून ओढली. सुटेना. जोर लावला. जोर लावला तशी पकड घट्ट झाली आणि आतून एक बारीक, रागावलेला हुंकार आला.

मग तिच्या हातानं तेच केलं जे कुठल्याही आईचा हात विचार न करता करतो. भरल्या तोंडाचं मूल छातीवरून सोडवायचं असलं की ओढायचं नसतं, इजा होते. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून अलगद आत घालायची, हवा शिरू द्यायची.

तिनं करंगळी घातली. ऊब. चिकट लाळ. हिरडी. तो एक कण, धारदार.

पुच् असा आवाज झाला आणि पट्टी सुटली.

ती गाडीतून बाहेर कोसळली, कोपरं घासत. पट्टी पांढरीशुभ्र होती, नव्या कापडासारखी, ग्रीसचा एक ठिपका नाही. आतला रिले गुळगुळीत झाला होता. त्यावरचे कोरलेले आकडे, तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, एकही उरला नव्हता. वर्षानुवर्षं कुणी चोखत बसल्यासारखा.

तिनं दोन्ही वस्तू पत्र्याच्या डब्यात टाकल्या, रॉकेल ओतलं आणि मागच्या अंगणात पेटवून दिल्या. मग हात धुतले. तीनदा नाही. किती वेळा ते तिनं मोजलं नाही. करंगळीचं कातडं सोललं तेव्हा थांबली.

७

नवी बॅटरी बसली. मीटरचा काटा शून्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"बघ, म्हटलं नव्हतं, बॅटरीच खराब होती," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की धाकटीनं मान डोलावली. मोबाइलच्या उजेडात ती पुन्हा एकदा आत पाहून आली होती. दोन पत्रे, मधे धूळ. घडी नव्हती. काहीच नव्हतं. आत जे होतं ते गेलं होतं, किंवा कधी नव्हतंच. उपाशी पोराची आई चार रात्री झोपली नाही तर तिला काय काय दिसेल याचा काही नेम आहे का?

चष्मेवाल्यांनी चावी फिरवली. बोनेटखाली नवा रिले टिक् झाला. धाकटी शर्टाकडं पाहत राहिली. कोरडा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी, रडतेस काय? एवढं वाईट गाणं नाहीये हे," चष्मेवाले म्हणाले, आणि दणदणत निघून गेले.

आतून सासूबाईंची हाक आली. "धाकटे! ये लवकर! भूक लागलीय गं हिला, मूठ खातेय!"

ठमी खरंच मूठ चोखत होती. डोळे उघडे, टक्क. आईला पाहताच दोन्ही हात पसरले, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं. धाकटीनं तिला मांडीवर घेतलं, शर्टाची बटणं सोडली. ठमीनं तोंड वळवलं नाही. लागली.

"लागली गं बाई, लागली!" सासूबाईंनी टाळीच वाजवली. "आता बघ सोमवारी काटा कसा पळतो ते. अगं, हस की जरा!"

धाकटी हसली. दूध येत होतं, पोर गिळत होती, घशातला घोट वरून दिसत होता. टाळूवरचा खळगा पाहता पाहता भरतोय असं वाटत होतं. मानेला पावडरीचा वास येत होता. पावडर तर आठवड्याभरात कुणी लावली नव्हती, पण सासूबाईंनी लावली असेल. विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं की उसासा नाही.

लांब ओढ नाही. दोन ओढी. थांबा. दोन ओढी. थांबा.

पोर भुकेली असली की पिण्याची तऱ्हा बदलते. असंच असणार. चार दिवस पोटात अन्न नाही.

आणि तेवढ्यात तिला टोचलं. खालच्या हिरडीपाशी, एकाच जागी, तांदळाच्या टोकाएवढं. सकाळी तिनं स्वतः या हिरड्यांवरून बोट फिरवलं होतं. मऊ होत्या, सपाट.

"चावली वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "दात येतोय लबाडीला! सहा महिन्यांची झाली, यायचाच. त्यापायीच पीत नव्हती, आणि आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला."

किळस तिच्या पायांच्या नखांपासून वर चढत आली, पोटातून, घशातून, थेट त्या जागेपर्यंत जिथं ते तोंड होतं. ठमी टक्क तिच्याकडं पाहत होती. डोळे ठमीचे होते. पापण्या ठमीच्या, कपाळावरचा तीळ ठमीचा.

धाकटीनं सोललेली करंगळी त्या ओठाच्या कोपऱ्याशी नेली. नुसती आत सरकवायची होती. हवा शिरली की सुटतं.

दोन ओढी. थांबा.

सोमवारी वजन होतं.

तिनं करंगळी काढून घेतली, पोरीच्या डोक्याखाली हात घातला आणि दुसरी बाजू दिली.